लोन्सम जीनच्या आईची कबर

जर्मनीहून परत आल्यापासून मला सगळे एकच विचारतात, खायचे हाल झाले का. झाले नाहीत. त्यापलीकडे कोणी काही विचारत नाही आणि न विचारता सांगायची मला सवय नाही. पण तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला एक गोष्ट पुण्यात सांगायला सांगितली आहे आणि मी हो म्हणून बसले आहे. ती सांगायची तर आधी त्यांच्या मुलाबद्दल सांगावं लागेल.

स्टुटगार्ट

माझा थोरला भाऊ अरविंददादा स्टुटगार्टला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. बासष्ट साली वहिनीला दिवस गेले तेव्हा तिच्या मदतीला कोणीतरी जायला हवं होतं. आईला विमानाची भीती वाटते. "मालूला इंग्रजी येतं, तिचं कुठे अडणार नाही," असं ठरवून घरच्यांनी मला पाठवलं. तिथे पोचल्यावर वाटलं की त्या इमारतीत इंग्रजी कोणालाच येत नाही.

स्टुटगार्ट वाटीसारखं आहे. मधे स्टेशन आणि दुकानं, चारी बाजूंनी टेकड्यांवर घरं आणि चढायला दगडी पायऱ्या. आमचं घर बरंच वर होतं. दारावर एके दिवशी एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. मला वाटलं घराचं नाव असेल. दादा म्हणाला, "ही केअरवोखची पाटी. ती दारावर आली की तो आठवडा जिना आणि समोरचा फुटपाथ आपण झाडायचा. मग पाटी शेजारच्यांच्या दाराला."

"आणि नाही झाडला तर?"

दादाने थोडा विचार केला. "तसं अजून कोणी करून पाहिलेलं नाही."

त्या आठवड्यात मी जिना झाडला. खालच्या मजल्यावरच्या बाई दार किलकिलं करून बघत होत्या. झाल्यावर त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. दादा म्हणाला, बोलल्या नाहीत म्हणजे आवडलं. सदाशिव पेठेतल्या माझ्या आत्याची मला पहिल्यांदाच आठवण आली.

पुढच्या आठवड्यात पाटी तळमजल्यावर गेली आणि जिना झाडायला एक उंच गृहस्थ आले. चाळिशीचे, शिडशिडीत. पायात उंच टाचांचे, रुपेरी टाके घातलेले चामडी बूट. माझ्यासाठी ते भिंतीला चिकटून उभे राहिले, नसलेली टोपी उचलल्यासारखा हात कपाळाला लावला आणि इंग्रजीत म्हणाले, "हाउडी, मॅम."

मी इंग्रजी शिकले ते आयरिश नन्सकडून. हे इंग्रजी त्यातलं नव्हतं. तरीही महिनाभराने कोणीतरी मला कळणारं बोललं होतं, म्हणून मी थांबले. एरवी थांबले नसते.

त्यांचं नाव ऑयगेन हेबर्ले. पण शनिवार-रविवारी ते लोन्सम जीन असत. जर्मनीत अमेरिकन सैन्याच्या छावण्या आहेत आणि छावण्यांमध्ये सार्जंट लोकांचे क्लब आहेत. हे सार्जंट बहुतेक अमेरिकेच्या दक्षिणेकडचे, खेड्यापाड्यांतले. त्यांना त्यांच्याकडची गाणी लागतात. गिटारवर म्हणायची, रेल्वे, पाऊस, सोडून गेलेली बायको आणि मेलेला कुत्रा अशा विषयांवरची. त्यांना ते कंट्री म्युझिक म्हणतात. हेबर्ले ती गाणी बारा वर्षं गात होते. त्यांचे उच्चार ऐकून नवीन सैनिक विचारत, टेक्सासमध्ये कुठचे तुम्ही?

"मग तुम्ही काय सांगता?" मी विचारलं.

"खरं तेच सांगतो. काटेरी तारेच्या आतला."

युद्धात ते विशीत पकडले गेले आणि कैदी म्हणून टेक्सासला पोचले. तिथे कापूस वेचला. पहाऱ्यावरचा एक शिपाई कंटाळा आला की गिटार वाजवायचा. त्याला शिकवायला कोणीतरी हवं होतं आणि कैदी कुठे पळून जात नव्हते. घरून मात्र एकही पत्र येईना. गावाजवळ बॉम्ब पडल्याचं कळलं होतं. आई गेली असं ते धरून चालले आणि तिच्यावर त्यांनी एक गाणं केलं. इंग्रजीत, कारण गिटार इंग्रजीत शिकले होते. गाण्यात मुलगा दूर असताना आई मरते. तो परत येतो तेव्हा तिच्या कबरीवर तण माजलेलं असतं आणि तिथे कोणी फिरकत नाही.

शेहेचाळीस साली ते गावी परतले. आई शेतात बटाटे काढत होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "वाळलास. घरात जाताना बूट काढ."

पण तोवर गाणं तयार झालेलं होतं. आणि चांगलं झालं होतं.

बराकींकडे

ऑगस्टमध्ये त्यांची बायको लोरे वर आली. लोरे हा बाईंचा एकेरी उल्लेख नव्हे, त्यांनीच मला तसं म्हणायला लावलं. त्या नवऱ्याच्या मागे उभ्या राहून माणसाएवढं व्हायोलिन वाजवतात, आणि गाडीही त्याच चालवतात. त्यांची बहीण नेहमी बरोबर असे, पण तिचा पाय मोडला होता. हाउडी म्हटल्यावर जी मुलगी जिन्यात थांबली, ती येईल का?

"मला काही वाजवता येत नाही," मी म्हणाले.

"वाजवायचं नाहीये. दुसरी गिटार धरून बसायचं. तार तुटली की द्यायची."

दादाने विचारलं, बाई बरोबर आहेत ना, मग जा. वहिनीला अजून दोन महिने अवकाश होता. ती म्हणाली, "मालू, जा गं बाई. माझ्या पोटाकडे टक लावून बसलीस म्हणून ते लवकर येणार नाही."

अशा रीतीने मी हायडेलबर्गजवळच्या एका छावणीत दुसरी गिटार मांडीवर घेऊन बसले. फाटकातून आत गेलं की जर्मनी संपते. रस्ते रुंद, मोटारी लांब, आइस्क्रीम भरपूर. मला एकाने ब्रेडमध्ये घातलेलं मांस आणून दिलं. मला चालत नाही म्हटल्यावर त्याने मांस काढून ब्रेड परत दिला. लोरे घरी मसूर आणि पिठाच्या बोटव्यांसारखा एक पदार्थ करतात, तेव्हा त्याही माझ्या ताटलीतला सॉसेज असाच उचलतात. मी या बाबतीत फार खोलात न जायचं ठरवलं होतं.

हेबर्लेंनी टोपी घातली आणि ते निराळेच दिसू लागले. समोरचे लोक बोलत होते, पत्ते खेळत होते, बाटल्या वाजत होत्या. हेबर्लेंना त्याचं काही वाटत नव्हतं. आईचं गाणं सुरू झालं आणि पत्ते थांबले. तण माजल्याच्या ओळीला पहिल्या टेबलावरच्या, म्हशीसारख्या मानेच्या सार्जंटाने तोंडावर रुमाल धरला. गाणं संपल्यावर त्याने ते परत म्हणायला लावलं आणि परत रडला.

मला अवघडल्यासारखं झालं. आमच्याकडे जिवंत माणसाच्या मरणाचं नाव घेत नाहीत. फार झालं तर 'काही बरंवाईट झालं' म्हणतात आणि त्यावरही कोणीतरी 'अभद्र बोलू नकोस' म्हणतं. इथे हा माणूस धडधाकट आईला दर शनिवारी मारत होता, आणि लोक 'वन्स मोअर' म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी विचारलं, "त्यांना माहीत आहे? तुमच्या आईंना?"

"त्यांना इंग्रजी येत नाही. मी गाईंवर गातो असं त्यांना वाटतं." मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "मिस मालती, इंग्रजीत ती माझी आई नसते. कोणाचीतरी आई असते."

हे मला कळलं. शाळेत आम्ही इंग्रजी निबंधात जे लिहीत होतो, ते घरी मराठीत बोलायची आमची छाती नव्हती. पण मी हे त्यांना सांगितलं नाही.

अडचण अशी होती की क्लब कमी होत चालले होते. नवीन सैनिकांना इलेक्ट्रिक गिटार आणि केस वाढवलेली मुलं हवी होती. दोन क्लबांनी त्या उन्हाळ्यात हेबर्लेंना नको म्हणून कळवलं होतं. आणि नेमक्या त्याच वेळी म्युनिकच्या एका रेकॉर्ड कंपनीचे क्र्यूगर नावाचे गृहस्थ आले. जर्मन लोकांना हल्ली काउबॉयची गाणी आवडू लागली आहेत, मात्र जर्मन भाषेत, असं त्यांचं म्हणणं. आईचं गाणं त्यांनी कंपनीच्या माणसाकडून जर्मनमध्ये करवून घेतलं होतं. आता ते जर्मन लोकांपुढे म्हणून दाखवायचं. कसं चालतंय ते स्वतः बघून क्र्यूगर रेकॉर्डचं ठरवणार होते. जर्मन लोकांपुढचा हेबर्लेंचा कार्यक्रम एकच होता, त्यांच्या स्वतःच्या गावात, रविवारी, अग्निशमन दलाच्या जत्रेत.

"आणि रेकॉर्ड नाही झाली तर?" मी लोरेंना विचारलं.

"तर नणंदेचा नवरा आहे. बाथरूमच्या फरशा बसवतो. त्याला माणूस हवाय." रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "वाईट काम नाही. फक्त गात गात करता येत नाही. आतमध्ये फार घुमतं."

गावी

गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढे जे घडलं ते त्यांना आवडणार नाही. आल्ब नावाच्या पठारावर ते आहे. चुनखडीची पांढरी माती, मेंढ्या, सफरचंदाची वेडीवाकडी झाडं. हवा इतकी स्वच्छ की लांबच्या माणसाचाही चेहरा दिसतो, आणि त्याला आपला.

हेबर्लेंच्या आईला सगळं गाव ओमा म्हणतं, म्हणजे आजी. लहानखुऱ्या, काळ्या झग्यातल्या, पिळून काढलेल्या फडक्यासारखे हात. त्यांनी मला पायांपासून पाहिलं.

"बूट काढ," त्या म्हणाल्या. मी ते आधीच काढले होते. यावर त्यांनी मान हलवली. आमची ओळख झाली ती अशी.

हेबर्लेंची बहीण बेर्टा शेजारीच राहते. ती मोठ्या घमेल्यात बटाट्याचं सॅलड कालवत होती. मी चव घेऊन छान आहे म्हणाले. तिने ताबडतोब विचारलं, "का, काय कमी आहे?"

सभागृहात लांब टेबलं होती. पुरुष गणवेशात, बायका इस्त्रीच्या कपड्यांत. ओमा पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स उभी धरून. बेर्टा बाजूच्या टेबलावर सॅलड वाढत होती. क्र्यूगर दाराजवळ एकटे बसले होते आणि सगळीकडे बिअर असताना वाइन पीत होते. मी नेहमीप्रमाणे बाजूला, गिटार धरून.

हेबर्लेंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी रेल्वेचं गाणं म्हटलं. कोणी बोललं नाही, कोणी पत्ते काढले नाहीत, बाटली वाजली नाही. शेवटी टाळ्या झाल्या, मोजून मापून. बारा वर्षं गोंगाटात गाणाऱ्या माणसाला हे कसं वाटत असेल ते त्यांच्या मानेवरच्या घामावरून दिसत होतं.

मग आईचं गाणं आलं. मी ओमांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघत राहिले.

पहिल्या कडव्यात मुलगा दूर जातो. दुसऱ्यात आई मरते. मी गिटार घट्ट धरली. ओमांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मागे कोणीतरी नाक शिंकरलं, बस. मला वाटलं, सुटलो. मग तिसरं कडवं लागलं. कबरीवर तण माजलंय, कोणी फिरकत नाही.

बेर्टाच्या हातातला डाव थांबला.

सभागृहात एक कुजबुज सुरू झाली आणि ती मागच्या रांगांपर्यंत गेली. ओमा बसल्या जागेवरून, फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे खरं नाही."

हेबर्ले थांबले. बारा वर्षांत ते गाणं मधेच कधी थांबलं नव्हतं, असं लोरे नंतर म्हणाल्या.

"आई, गाणं आहे ते."

"गाणं असलं तरी."

"शनिवारी सकाळीच मी पाणी घातलंय," बेर्टा म्हणाली. डाव तिने तसाच वर धरला होता. "वडिलांच्या कबरीला. दर शनिवारी घालते. आणि आईची वेळ आली की मी तण माजू देईन? ऑयगेन? मी?"

"घातलंय," मागून अग्निशमन दलाचे प्रमुख म्हणाले. "मी पाहिलं. कडासुद्धा कापल्यात."

इथे थोडं सांगायला हवं. त्या देशात कबर म्हणजे घराचं अंगणच. वाफे करतात, फुलं लावतात, कडेची माती दाताळ्याने सारखी करतात. स्मशानाच्या फाटकाशी पाण्याच्या झाऱ्या टांगलेल्या असतात. येणारा-जाणारा सगळ्यांच्या कबरी बघत जातो आणि काही बोलत नाही. आईला गाण्यात मारल्याचं त्या सभागृहात कोणालाही वावगं वाटलं नव्हतं. माणसं मरतात. पण हेबर्लेंच्या कबरीवर तण, हे सबंध गावादेखत, गणवेशातल्या लोकांपुढे म्हटलं गेलं होतं. मी चुकीच्या ओळीला घाबरले होते.

हेबर्लेंनी माझ्याकडे पाहिलं. तार तुटली की ते असंच बघत, म्हणून मी गिटार घेऊन उठले. त्यांनी मान हलवली. म्हणजे नको. मी उभीच राहिले, बसावं की नाही ते कळेना.

मग त्यांनी ते कडवं पुन्हा धरलं. कबरीवर लाल बेगोनियाची रोपं आहेत, दोन ओळींत. बेर्टा शनिवारी पाणी घालते. दलाचे प्रमुख जाता-येता कडा बघतात. यमक कुठेच जुळत नव्हतं. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि टेबलांवर मुठी ठोकू लागले. बेर्टाने डोळे पुसले आणि डाव पुन्हा घमेल्यात घातला.

शेवटच्या कडव्यात मुलगा टोपी हातात घेऊन कबरीपाशी उभा राहतो आणि म्हणतो, उशीर झाला मला. ते त्यांनी बदललं नाही. तेव्हा कोणी हसलं नाही. ओमा पर्सच्या कडीकडे बघत होत्या.

गाणं संपल्यावर टाळ्या झाल्याच नाहीत. क्र्यूगरांनी दोनदा वाजवल्या आणि हात खाली घेतले. प्रमुख उठले, त्यांनी हेबर्लेंपुढे बिअरचा पेला ठेवला आणि जागेवर जाऊन बसले.

बाहेर क्र्यूगर म्हणाले, "तण होतं तोपर्यंत हे सबंध जर्मनीत खपलं असतं. बेर्टा घातल्यावर ते गावाच्या वेशीपर्यंतच जातं. बुधवारी स्टुडिओत या. मूळ शब्दांत म्हणा, रेकॉर्ड करतो. उद्या दुपारपर्यंत फोन करा." ते तसे सज्जन होते. सॅलडही दोनदा घेतलं होतं.

सोमवारी

सकाळी हेबर्ले स्वयंपाकघरात कॉफीपुढे बसून होते. फोन समोरच्या खाणावळीत होता. लोरे कपबश्या विसळत होत्या. ओमा आत आल्या आणि त्यांनी मुलाऐवजी मला विचारलं, "कामात आहेस?"

मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्या हातात झारी दिली.

स्मशान चर्चमागे होतं. एखाद्या बागेत शिरावं तसं वाटलं. हेबर्ले घराण्याच्या दगडावर ओमांच्या यजमानांचं नाव होतं. खाली ओमांचंही नाव कोरलेलं होतं, जन्माचं साल, मग एक आडवी रेघ, मग मोकळी जागा. मी ते बघून दचकले. त्यांनी त्या मोकळ्या जागेवरचं एक पान उचललं.

बेगोनिया खरोखर दोन ओळींत होते. माझं जर्मन तोवर बेताचंच होतं, सभागृहातलं बरंचसं मला लोरेंनी नंतर उलगडून सांगितलं होतं, पण ओमा सावकाश बोलत होत्या.

"अमेरिकन लोकांपुढे तो हेच म्हणतो? मी मेले असं?"

"हो."

"किती वर्षं?"

"बारा."

त्यांनी दोन झाडांना पाणी घातलं. "का?"

मी सहसा दुसऱ्याच्या घरातलं बोलत नाही. पण झारी माझ्या हातातून घेऊन त्या थांबल्या होत्या. मी म्हणाले, "तिकडे कैदेत असताना पत्रं आली नाहीत. तुम्ही गेलात असं त्यांना वाटलं. तेव्हा केलेलं गाणं आहे."

"मी दर आठवड्याला लिहीत होते."

"पोचली नाहीत."

"हे त्याने मला कधी सांगितलं नाही."

मुलगा कैदेतून आला त्या दिवशी आपण त्याला बूट काढायला सांगितले होते, हेही ओमांना आठवत असावं.

"आणि ते लोक काय करतात? ऐकून?"

"रडतात."

"माझ्यासाठी?"

"हो. सार्जंटसुद्धा. मोठमोठे."

ओमांनी झारी पुन्हा वाकवली. ज्या झाडांना आधीच पाणी घातलं होतं त्यांना पुन्हा घातलं. मग झारी फाटकाशी टांगली, घरी आल्या, बूट काढले आणि मुलापुढे उभ्या राहिल्या.

"इंग्रजीत तण चालेल," त्या म्हणाल्या. "जर्मनमध्ये नाही."

हेबर्ले उठले, खाणावळीत गेले आणि फोन करून लगेच परत आले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही, पण त्यांनी दुसरी कॉफी मागितली आणि तिच्याबरोबर केकही. आम्ही निघताना बेर्टाच्या नवऱ्याने एक तारखेला फरशांच्या कामावर सात वाजता यायला सांगितलं. दलाच्या प्रमुखांनी पुढच्या वर्षीच्या जत्रेचं बोलून ठेवलं, बेगोनियाच्या कडव्यासकट.

परतीच्या वाटेवर ते मला म्हणाले, "बारा वर्षं मी चोरून करत होतो, मिस मालती. आता परवानगी आहे." त्या शनिवारी ते पुन्हा छावणीत गायले. सार्जंट रडला. मला मात्र या वेळी अवघडल्यासारखं झालं नाही.

मी निघायच्या आधी दादाच्या न्हाणीघराच्या फरशा लोन्सम जीननीच बसवल्या. काम चोख होतं. वहिनीच्या मुलीला ते खालच्या जिन्यात, टोपी नसताना, हाउडी म्हणतात. ती अजून काही म्हणत नाही.

राहिलं ते ओमांचं. त्या दिवशी कबरीपाशी, घरी निघण्याआधी त्यांनी मला वाकून बघायला लावलं. दगडाच्या मागेसुद्धा.

"तुझ्या गावात गाणं पोचलं असेल का?"

"पुण्याला? वाटत नाही."

"पोचेल. अशा गोष्टी पोचतात. तण दिसतंय का कुठे?"

"नाही."

"मग तिथे सांग."

म्हणून सांगते आहे. मी स्वतः पाहिलं. तण नव्हतं.